जिथून मूल आणले, तिथे परत

चीनमध्ये १ एप्रिल १९९२ रोजी दत्तकविधानाचा कायदा अमलात आला, परदेशी दाम्पत्यांना तेथील बालके रीतसर दत्तक घेण्याची वाट मोकळी झाली आणि पुढील तीन दशकांत दीड लाखाहून अधिक मुले परदेशांतील घरी गेली. त्यांतील निम्म्याहून अधिक एकट्या अमेरिकेत. प्रारंभीच्या काळात त्यांत मुलीच बहुसंख्य होत्या, कारण दाम्पत्याला एकच अपत्य असावे हे १९८० च्या सुमारास लागू झालेले सरकारी धोरण आणि वंशाला दिवा हवाच हा घरच्यांचा आग्रह, या कात्रीत त्या सापडल्या होत्या. या मुली जाणत्या होऊ लागल्या, तसे दत्तक आईवडील त्यांना घेऊन पुन्हा चीनला जाऊ लागले. त्या प्रवासातील सर्वांत अवघड मुक्काम म्हणजे ‘समाजकल्याण संस्था’, अर्थात मुलीने पहिले काही महिने जिथे काढले ते सरकारी अनाथालय.

अशा भेटीसाठी आगाऊ परवानगी काढावी लागते, आणि ती मिळाली की संचालकांकडून स्वागत, चहापान, इमारतीतील फेरी आणि छायाचित्रे असा ठरीव कार्यक्रम बहुधा पार पडतो. भेटवस्तू आणि देणगी देऊन पालक कृतज्ञता व्यक्त करतात, त्यात गैर काही नाही; परंतु पाहुणचारातच वेळ सरला, तर ज्यासाठी एवढा प्रवास केला ते राहून जाते. ते म्हणजे मुलीची फाइल. बाळ कोणत्या तारखेला, कुठे आणि कोणाला सापडले याची नोंद तीत असते. जन्मतारीख पुष्कळदा बाळाच्या अंगलटीवरून अंदाजाने लिहिलेली असते. आडनाव संस्थेने सर्वच मुलांना सरसकट दिलेले असू शकते. जन्मदात्यांनी शोध घ्यावा म्हणून वर्तमानपत्रात दिलेल्या जाहीर सूचनेचे कात्रण असते आणि त्यात बोटभर आकाराचे छायाचित्र. क्वचित एखादी चिठ्ठीही मिळते, जिच्यावर जन्माचा दिवस आणि वेळ एवढेच लिहिलेले असते, कारण मूल टाकून देणे हा चिनी कायद्याने गुन्हा असल्याने स्वतःचे नाव कोणी लिहीत नसे. बाजार, रुग्णालयाचे फाटक, खुद्द संस्थेचा दरवाजा अशी वर्दळीची ठिकाणे या नोंदींत वारंवार दिसतात. तिथे ठेवणाऱ्याला बाळ लवकर कोणाच्या तरी दृष्टीस पडावे असे वाटत होते, हे मुलीला सांगण्यासारखे आहे.

मात्र फाइलीतील प्रत्येक ओळ खरी मानून चालत नाही. हुनान प्रांतातील हंगयांग भागात काही अनाथालये दलालांकडून बाळे विकत घेऊन ती ‘बेवारस सापडली’ अशी नोंद करीत होती, हे २००५ मध्ये उघडकीस आले आणि पुढच्या वर्षी आरोपींना शिक्षा झाली; त्याच प्रांतातील लुंगहुई तालुक्यात कुटुंबनियोजन अधिकाऱ्यांनी घरांतून बाळे उचलून नेल्याचे वृत्त ‘काईशिन’ या चिनी नियतकालिकाने २०११ मध्ये छापले. परदेशी कुटुंबाकडून संस्थेला मिळणारी सुमारे तीन हजार डॉलरची देणगी हे या व्यवहाराचे मोठे प्रलोभन होते. आपली मुलगी खरोखरच बेवारस सापडली होती का, हा प्रश्न विचारायला अनेक पालक कचरतात, कारण उत्तराने स्वतःच्या पालकत्वाचा पायाच हलेल अशी त्यांना धास्ती असते. ती धास्ती समजण्यासारखी आहे, तरीही तिच्यापायी मुलीला अर्धवट हकीकत सांगणे हा तिच्यावर अन्याय आहे. ‘कागदावर असे लिहिले आहे, ते खरे असेलच असे नाही’ हे वाक्य वयाला झेपेल अशा शब्दांत तिला आईवडिलांकडूनच कळले पाहिजे.

कागदावर नसलेले बरेच काही संस्थेतील ‘आयी’, म्हणजे बाळांना सांभाळणाऱ्या मावश्या, यांच्यापाशी असते. २०२१ मधील ‘फाउंड’ या माहितीपटातील तीन अमेरिकी मुलींना आपण चुलत-मावस नात्यातल्या बहिणी आहोत हे डीएनए चाचणीतून समजते, त्या चीनला जातात, आणि ज्यांनी लहानपणी त्यांना सांभाळले त्या बायका त्यांना भेटतात. त्या भेटीपुढे इमारतीतील फेरी फिकी वाटते. अर्थात एका मावशीच्या हातून कितीतरी बाळे गेलेली असतात, म्हणून आठवण निघाली नाही तर ती ओढूनताणून काढू नये. मुलगी फाटकापाशीच थबकली, आत यायला नको म्हणाली, तर तिचे ऐकावे. दुसऱ्या कोणाला वाईट वाटेल म्हणून तिने हसरा चेहरा करावा, ही अपेक्षा क्रूर आहे.

सप्टेंबर २०२४ मध्ये चीनने, जवळचे नातेवाईक आणि सावत्र पालक वगळता, परदेशी दत्तकविधान थांबवल्याचे जाहीर केले. नवी मुले जाणे बंद झाले, पण जुन्या मुलांचे कागद तिथेच आहेत, संस्था नव्या इमारतींत हलवताना ते गहाळ होण्याची भीती आहे, आणि म्हणून त्यांच्या प्रती मागणे निकडीचे झाले आहे. भारतातूनही, पुण्याच्या ‘श्रीवत्स’ या अनाथालयातून, ऑस्ट्रेलियाची माजी क्रिकेटपटू लिसा स्थळेकर हिच्यासारखी मुले परदेशी गेली; अशा मुलांसाठी येथील दत्तक नियमांत ‘मूळ शोध’ या नावाने निश्चित तरतूद आहे. अठरा वर्षांखालील मुलाने दत्तक पालकांसह आणि त्यापुढच्या वयात स्वतंत्रपणे अर्ज करायचा, त्रयस्थाला परवानगी नाही आणि जन्मदात्यांची गोपनीयता जपायची, असे ते नियम सांगतात. अंमलबजावणीत अडचणी कितीही असोत, अर्ज कोणाकडे करायचा हे तरी येथे लेखी ठरलेले आहे. चिनी कल्याण संस्थांनाही तशी लेखी जबाबदारी लागू व्हायला हवी, कारण हजारो मैलांवरून आलेल्या कुटुंबासमोर फाइल उघडायची की नाही, हे आज पुष्कळदा संचालकाच्या मर्जीवर ठरते.