काचेच्या टाकीतली हिरवळ



पनवेल-उरणकडचे चिरनेर म्हटले की २५ सप्टेंबर १९३० चा जंगल सत्याग्रह आठवतो. त्याच चिरनेरहून एका ताईंचे पत्र आले आहे. त्यांचा मुलगा नववीत शिकतो. त्याने साठवलेल्या पैशांतून माशांची दोन फुटी टाकी घेतली. चित्रात दिसते तशी तळाला हिरवळ पसरावी म्हणून मुंबईहून महागडी रोपे आणली. पंधरा दिवसांत पाने पिवळी पडून विरघळली, पाणी गढूळ झाले आणि दोन मासे दगावले. ताई लिहितात, "याचे वडील म्हणतात, हा श्रीमंतांचा छंद आहे, टाकी विकून टाक. पोरगा दोन दिवस धड जेवला नाही. काय करावे?"

ताई, टाकी विकू नका. मुलाचे चुकले ते एवढेच, की त्याने रोप चित्र पाहून निवडले. आपले पाणी, आपला उजेड आणि आपला खिसा पाहून निवडायला हवे होते.

त्याने आणलेले रोप दुकानात 'क्यूबा' या नावाने मिळते. ते मूळचे क्यूबा आणि त्या बाजूच्या बेटांवरचे. पाने मोहरीएवढी, दिसायला फार सुंदर. पण त्याला प्रखर उजेड लागतो आणि नळकांड्यातून कार्बन डायऑक्साइड वायू पाण्यात सोडावा लागतो. शिवाय पाणी फार तापले तर त्याला सोसत नाही. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये टाकीतले पाणी सहज ३० अंशांवर जाते आणि पाणी तापले की त्यात वायू कमी विरघळतो. मग नवशिक्याच्या टाकीत हे रोप तगणार कसे?

आता कमी उजेडात, वायूच्या नळकांड्याशिवाय जगणारी चिवट रोपे सांगते.

पहिले, मार्सिलिया हिरसुटा. हे मूळ ऑस्ट्रेलियाचे. ही खरे तर नेच्याच्या कुळातली वनस्पती. हिची बहीण मार्सिलिया मिनुटा आपल्या भातखाचरांत तण म्हणून उगवते. चार पानांची ती चिमुकली वेल आवणी करणाऱ्या बायकांनी हजारदा पाहिली असेल. दुकानातली जात सावकाश पण खात्रीने पसरते.

दुसरे, ड्वार्फ सॅजिटेरिया. गवतासारखी पाती, जड पाणीही चालते. एक रोप जमिनीलगत धुमारे सोडून अनेक करते. मात्र उजेड कमी पडला की पाती उंच होतात, म्हणून ते थोडे मागे लावावे.

तिसरे, क्रिप्टोकोरीन पार्वा. हे श्रीलंकेचे, बोटभर उंचीचे. वाढ इतकी मंद की धीर सुटावा, पण एकदा रुजले की वर्षानुवर्षे टिकते. त्याला सारखे उपटून हलवू नये.

एवढेही जमत नसेल तर जावा मॉस प्लॅस्टिकच्या जाळीवर दोऱ्याने बांधून दगडाखाली तळाला बसवावे. त्याला मातीही लागत नाही.

खाचरातली वेल आणून लावू का, असे मुलगा विचारील. तिची पाने लांब देठांवर पाण्याच्या वर तरंगायला जातात, त्यामुळे गालिचा होईलच असे नाही. शिवाय शेतात फवारणी झाली असेल तर मासे मरतील. हौस असेल तर आधी दोन-तीन आठवडे वेगळ्या बादलीत ठेवून, पाणी बदलत राहून पाहावे.

लावण्याची रीत अशी. तळाला दोन इंच बारीक रेती धुऊन घालावी. उरणच्या किनाऱ्यावरची वाळू फुकट मिळते म्हणून आणू नये. तिच्यात मीठ आणि शिंपल्यांचा चुरा असतो, त्याने पाणी जड होते. रेतीवर व्हिनेगरचे थेंब टाकून पाहा. फेस आला तर ती रेती टाकीत नको. कुंडीतल्या रोपाचे चार-पाच छोटे तुकडे करून, मुळांभोवतीचा कापूस काढून, एक-एक इंचावर चिमट्याने रोवावेत. दिवा रोज सहा ते आठ तास, ठरलेल्या वेळीच. टाकी खिडकीच्या उन्हात ठेवली तर शेवाळ माजते. बागेतला युरिया चुकूनही घालू नये. त्यापासून अमोनिया होतो आणि मासे मरतात.

आणि आता मुलासाठी खास गोष्ट. रोपवाटिकेत ही रोपे बहुधा पाण्याबाहेर, ओलसर हवेत वाढवतात. पाण्यात बुडवल्यावर ती जुनी पाने गळतात आणि पाण्यात जगणारी नवी पाने फुटतात. त्याला तीन-चार आठवडे लागतात. म्हणून पाने विरघळली म्हणजे रोप मेलेच असे नाही. मूळ पांढरे आणि घट्ट असेल तर थांबावे. कुजलेली पाने मात्र रोज काढावीत, कारण पाणी बिघडते ते त्यांनीच. मुलाने उरलेली रोपे उपटण्याआधी एकदा मुळे तपासावीत. मासेही रोपे रुजल्यावर, एका वेळी दोन-तीनच सोडावेत.

एक कळकळीची सूचना. छाटलेली किंवा नको असलेली रोपे गावच्या तळ्यात वा ओढ्यात फेकू नका. जलपर्णी दक्षिण अमेरिकेतून शोभेचे फूल म्हणूनच आली आणि तिने आपली तळी गुदमरवून टाकली. छाटलेले उन्हात वाळवून खतात घाला. टाकी आपल्या एकट्याची असते, तळे साऱ्या गावाचे.

मुलाच्या वडिलांना सांगा, या छंदाला श्रीमंती लागत नाही, धीर लागतो. मार्सिलियाची एकच कुंडी आणा, तिचे तुकडे करा, आणि पोराला वहीत दर रविवारी नवी पाने मोजून लिहायला सांगा. पहिले नवे पान फुटले की आम्हाला पत्र पाठवा.

सप्रेम जयभीम.