बागेचा सौदा आणि बांधावरची फुले

बारामती-इंदापूरकडचे आमचे बागवान बांधव डाळिंबाची किंवा पेरूची बाग उक्ती घेताना झाडे मोजतात, फळ चाचपतात, दर पाडतात. रानात शेवटचा ताग कधी गाडला, हे कोणी विचारत नाही. आमच्या मते सौद्यातला तोटा येथूनच सुरू होतो.

१८८५ साली नीरा डावा कालवा आला, ऊस आला आणि बेसुमार पाण्याने कित्येक राने चोपण झाली. यावर जुना उपाय ताग आणि धैंचा. धैंचा चोपणातही तग धरतो. पावसाच्या तोंडाला एकरी २०-२५ किलो तागाचे बी टाकावे आणि दीड महिन्याने, फुलकळी दिसताच, गाडून टाकावे. मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात, पाला कुजून माती भुसभुशीत होते.

पण सगळेच गाडले तर माशीने खायचे काय? डाळिंबाची सगळी फुले फळ धरत नाहीत. काही नुसती नर असतात, आणि पराग इकडून तिकडे नेण्यात माशीचा मोठा वाटा. म्हणून बांधालगतच्या चार ओळी फुलू द्याव्यात. तागावर मुख्यतः मोठे भुंगे येतात. सातेरी आणि फुलोरी माशीसाठी धने, मोहरी, बडीशेप टाकावी. मात्र बाग फुलात असताना सकाळी विषारी औषध मारणे म्हणजे पाहुण्याला जेवायला बोलावून विष घालणे. ज्या किताबात एका सूरहचे नावच ‘अन्-नहल’ आहे, ती मानणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

व्यापाऱ्याचा यात काय संबंध, असे कोणी म्हणेल. फळ पक्वतेला लागल्याची चिन्हे दिसण्याआधी त्याचा सौदा करू नये, ही नबी (स.) यांची शिकवण. तेव्हा फुलोऱ्याचा सौदा नकोच. पण शेतकऱ्याशी आपली वर्षानुवर्षांची ऊठबस असते. “पाटील, यंदा ताग करा, बी आम्ही देतो,” एवढे म्हणायला काय लागते? एका पिशवीची उधारी बुडाली तरी दिवाळे निघत नाही. बियाण्याच्या दुकानदारांनीही मृगाआधी माल भरून ठेवावा.

सुतारकाम करणाऱ्या बांधवांना सातेरीच्या पेट्यांचे काम मिळू शकते. मधमाशीपालन शिकवणारी केंद्रीय संस्था १९६२ पासून पुण्यात आहे. मापे तेथूनच आणावीत. अंदाजाने पेटी ठोकू नये. चौकटीजवळ फट जास्त राहिली तर माशी तेथेच पोळे बांधते, आणि मग चौकट बाहेर निघत नाही.