दहा बाय बाराचं थिएटर

दहा बाय बाराच्या हॉलमध्ये थिएटरचे स्पीकर आणून ठेवायची टूम निघाली आहे. आमचा तिला साफ विरोध! हे धूड जन्माला आलं ते पडद्यामागे उभं राहून शेवटच्या रांगेपर्यंत संवाद पोचवायला. तुमच्याकडे पहिली रांग सोफा आणि शेवटचीही सोफाच. त्यापुढे भिंत, नि भिंतीपलीकडे शेजारी.

आम्ही कारकून माणसं, हिशेब मांडतो. १ वॅटला, १ मीटरवर घरगुती स्पीकर साधारण ९० डेसिबल देतो, थिएटरचा १०० च्या घरात. हा फरक चिल्लर नव्हे. तो भरून काढायला घरगुती स्पीकरला दहापट वॅट लागतात. उलट २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला रात्री १० ते सकाळी ६ मर्यादा आहे ४५ ची!

‘पण हळू लावला तरी आवाज साफ येतो हो!’ असेल. पण हळू ऐकायला कोण हत्ती पाळतो? तो आणतात खुर्ची हादरवायला. इकडे खुर्ची हादरली, की पलीकडे तान्हं पोर दचकून उठतं.

थिएटरात माणूस तिकीट काढून बसतो. शेजाऱ्याने कुठलं तिकीट काढलं होतं?