राखणदाराची वर्षाची तपासणी



गेल्या पौर्णिमेला विहारात वंदना आटोपल्यावर एका भगिनीने आम्हाला बाजूला बोलावले. म्हणाल्या, "आमचा मोत्या तीन वर्षांचा झाला, अजून एकही सुई टोचलेली नाही. नातू त्याच्या अंगावर डोकं ठेवून झोपतो. काही भीती आहे का हो?" शेजारी बसलेले एक वयोवृद्ध काका लगेच म्हणाले, "आपल्या बापजाद्यांना कुत्र्याएवढी किंमत नव्हती. आता कुत्र्याला डॉक्टर कशाला?"

काकांचे बोलणे आमच्या मनाला लागले, कारण त्यात खोटे काही नव्हते. महाडच्या चवदार तळ्यावर जनावरे पाणी पीत होती आणि आपल्या माणसांना मज्जाव होता. म्हणून तर २० मार्च १९२७ चा सत्याग्रह झाला. पण तो दोष जनावराचा नव्हता, माणसाला माणूस न मानणाऱ्यांचा होता. ज्या बाबासाहेबांनी ते तळे आपल्याला खुले करण्यासाठी लढा दिला, त्यांनीच १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये प्राणिमात्रांना दयेने सांभाळण्याचे वचन आपल्याकडून घेतले. सम्राट अशोकाने तर माणसांच्या आणि जनावरांच्या, दोन्ही औषधोपचारांची सोय केल्याचे गिरनारच्या शिळेवर कोरून ठेवले आहे. आणि काका, प्रश्न एकट्या मोत्याचा नाही. त्याच्या अंगावर झोपणाऱ्या नातवाचाही आहे.

रेबीज म्हणजे कुत्रे पिसाळण्याचा रोग. त्याचा विषाणू चावलेल्या जागेतून नसांच्या वाटेने मेंदूकडे जातो. यात बहुधा काही आठवडे ते तीन महिने जातात, कधी त्याहून जास्त. एकदा लक्षणे दिसली की माणूस वाचत नाही, असेच समजा. पण लस वेळेवर मिळाली तर हा रोग हमखास टळतो. लुई पाश्चरने १८८५ साली एका नऊ वर्षांच्या मुलाला ही लस टोचवली, तेव्हापासून जगाला हे माहीत आहे.

आमच्याच गल्लीत मागे चार महिन्यांचे एक पिल्लू लाळ गाळू लागले आणि दिसेल त्याला चावत सुटले. दोन दिवसांत ते मेले. त्याला कोणी लस दिली नव्हती. मग सात जणांना, त्यात चार लेकरे, इंजेक्शनांसाठी इस्पितळाच्या चकरा माराव्या लागल्या. सगळे वाचले. पण प्रत्येक चकरेला एकाची रोजी बुडाली आणि आयांच्या डोळ्यांची झोप उडाली ती वेगळीच. हे सारे पिल्लाच्या एका सुईने टळले असते.

म्हणून वर्षातून एकदा कुत्र्याला डॉक्टरकडे न्यायचेच. आणि नेण्यापूर्वी घरी थोडी तयारी करायची. ती अशी :

आठवडाभर आधीपासून रोज त्याचे कान, पंजे आणि ओठ हळुवार हाताने उचलून पाहा. म्हणजे डॉक्टरांनी हात लावला तर ते बिचकणार नाही. पाहता पाहता तुम्हालाही कळेल, की कानाला वास येतो का, बोटांच्या बेचक्यात गोचीड आहे का, दातांवर पिवळा थर चढला आहे का, अंगावर कुठे गाठ लागते का. एखाद्या चिठ्ठीवर लिहून ठेवा. शाळेत जाणाऱ्या मुलीकडून लिहून घ्या, तिलाही शिकायला मिळेल. काय खाते, पाणी एकदम जास्त पिऊ लागले का, खोकते का, लंगडते का, मादी असेल तर माजावर कधी आली होती, हे सगळे चिठ्ठीत असू द्या. डॉक्टरांसमोर गेल्यावर निम्मे विसरायला होते. कागद हातात असला की विचारायचे धाडस येते.

जायच्या दिवशी सकाळची ताजी विष्ठा एका स्वच्छ डबीत घ्या. तपासली की पोटात जंत आहेत का ते कळते. निघण्यापूर्वी पोटभर जेवू घालू नका, रिक्षात उलटी होते. पाणी मात्र द्या. गळ्यात मजबूत पट्टा, हातात आखूड दोरी आणि चावरे असेल तर तोंडाला मुसके. सोबत घरातला मोठा माणूस हवा, ज्याचे ते ऐकते. एकट्या पोराच्या हाती देऊन पाठवू नका. जुने कार्ड असेल तर विसरू नका.

तिथे वजन होईल, कारण औषधाचा डोस वजनावर ठरतो. रेबीजची लस पिल्लू तीन महिन्यांचे झाल्यावर सुरू होते, मग डॉक्टर सांगतील तसा पुढचा डोस आणि नंतर दरवर्षी. पार्वो, डिस्टेंपर, कावीळ यांसाठी दुसरी एकत्रित लस असते. तिच्यातच बहुधा लेप्टोचीही लस असते. लेप्टो हा उंदराच्या मुतातून, पावसाच्या साचलेल्या पाण्यातून पसरणारा रोग आहे आणि तो माणसालाही होतो. वस्तीत राहणाऱ्यांनी ही लस जरूर विचारावी. जंताचे औषध मोठ्या कुत्र्याला साधारण दर तीन महिन्यांनी, पिल्लांना त्याहून लवकर लवकर. जंतांची अंडी मातीतून मुलांच्या तोंडात जातात, म्हणून हेही घरच्यांचेच औषध समजा. मादीला आणखी पिल्ले नको असतील तर ऑपरेशनबद्दल विचारा. त्याने गर्भाशयात पू होण्याचा धोकाही टळतो.

कुत्रे आजारी असेल तर लस टोचण्याआधी सांगा. लसीनंतर पंधरा-वीस मिनिटे तिथेच बसा. एक दिवस ते मरगळलेले राहिले तर घाबरू नका. पण तोंड सुजले, सारख्या उलट्या झाल्या, धाप लागली तर लगेच परत न्या. लसीच्या बाटलीवरचे लेबल, तारीख आणि पुढची तारीख कार्डावर घेतल्याशिवाय उठू नका. मोठ्या शहरांत महापालिकेच्या परवान्यालाही हा दाखला लागतो. एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. ताप वाटला म्हणून माणसांची गोळी कुत्र्याला देऊ नका, ती जिवावर बेतते.

खर्चाचे काय? तालुक्याच्या गावी सरकारी गुरांचा दवाखाना असतो, तिथे कुत्र्यांनाही पाहतात. मुंबईकरांना परळचे बैलघोडा हॉस्पिटल ठाऊक आहेच. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन, त्या सुमारास अनेक ठिकाणी फुकट लसीची शिबिरे होतात. विहाराच्या कमिटीने पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना अर्ज दिला तर शिबिर वस्तीतही येऊ शकेल. फी आधी विचारण्यात कमीपणा मानू नका. महिन्याला थोडे थोडे डब्यात टाकले तर वर्षाला जड जात नाही.

आणि इतके करूनही कुत्रे चावले किंवा ओरखडले, मग ते घरचे का असेना, तर जखम नळाखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सरकारी इस्पितळ गाठा. सगळे डोस पुरे करा. मिरची, चुना, हळद लावू नका. भगताकडे जाऊ नका. "भगताच्या मंत्राने आमचा पोरगा बरा झाला" असे लोक सांगतात. पण चावणारे प्रत्येक कुत्रे पिसाळलेले नसते. जिथे रोग नव्हताच तिथे भगताचे नाव होते आणि जिथे होता तिथे पोर जाते. धम्म स्वीकारला तेव्हाच आपण हे मंत्र-तंत्र मागे टाकले आहे.

शेवटी तारखेचे. वर्षाची तपासणी लक्षात राहत नाही, अशी तक्रार असते. आमच्या घरी आम्ही सोपी खूण ठेवली आहे. १४ एप्रिलची जयंती झाली, की त्याच महिन्यातल्या एका सुट्टीच्या दिवशी कुत्र्याची तपासणी. लेकरांच्या परीक्षा उरकत आलेल्या असतात आणि पावसाळ्याच्या आत लस पुरी होते.

त्या भगिनी पुढच्याच आठवड्यात मोत्याला घेऊन गेल्या. दोरी धरायला सोबत कोण होते, सांगू? तेच काका!

जयभीम!