पात्र आणि अपात्र

महाविद्यालयीन कथास्पर्धेला आलेल्या कथांचा गठ्ठा लेखकांची नावे झाकून वाचावा. आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या अशा गठ्ठ्यात एकच कथा पुन्हा पुन्हा भेटते. पाऊस दगा देतो, सोयाबीन करपते, सावकार दारात उभा राहतो, मुलीचे लग्न मोडते आणि बाप फवारणीच्या औषधाचा डबा उचलतो. शेवटच्या ओळीत गोठ्यातला बैल हंबरतो. नावे बदलतात, गाव बदलते, बैल मात्र नेमाने हंबरतो. आणि हे लिहिणारी मुले बहुधा शेतकऱ्यांचीच असतात. ज्या बापाच्या हाताखाली ती वाढली, तो त्यांना पुरता ठाऊक आहे. कथेतला बाप मात्र त्यांनी बातमीतून, भाषणातून, आधी बक्षीस मिळालेल्या कथेतून उचलून आणलेला असतो. घरचे धान्य कोठीत ठेवून शेजारून पीठ मागावे, तसा हा प्रकार आहे.

दोष मुलांना देऊन मोकळे होता येणार नाही. हौसेने कथा लिहू पाहणाऱ्याला आपल्याकडे जे शिकवले जाते, त्याचेच हे पीक आहे. कोणत्याही कथालेखन कार्यशाळेत पहिला प्रश्न ठरलेला असतो: कथाबीज कसे सुचते? मग सांगितले जाते की वर्तमानपत्र वाचा, बातमीत बीज असते. दुसऱ्या सत्रात पात्रनिर्मिती येते. पात्राचे नाव, वय, जात, शिक्षण, वर्ण, सवयी, एक गुण आणि एक दोष असा तक्ता भरून घेतात. तक्ता भरला की पात्र उभे राहिले, असा समज घेऊन शिबिरार्थी घरी जातो. तलाठ्याच्या पंचनाम्यातही एवढी माहिती असते. पंचनामा वाचून माणूस कळला असे तलाठीसुद्धा म्हणत नाही.

तंत्राला आमचा विरोध नाही. ना. सी. फडके यांनी १९३१ साली 'प्रतिभासाधन' लिहून कथा-कादंबरीच्या रचनेचा पद्धतशीर विचार मराठीत मांडला. त्या तंत्रनिष्ठेची चेष्टा करणे पुढच्या पिढ्यांना सोपे गेले. पण रचना ही शिकण्याची गोष्ट आहे, हे फडक्यांचे म्हणणे खोटे ठरलेले नाही. चाळिशीच्या दशकात नवकथेने त्या रचनेची चौकट मोडली ती माणसाकडे अधिक जवळून पाहण्यासाठी. व्यंकटेश माडगूळकरांची 'माणदेशी माणसे' १९४९ साली पुस्तकरूपाने आली. त्या लेखनात कथानक शोधू जावे तर हाताला फारसे लागत नाही, आणि माणूस मात्र विसरता येत नाही. आजच्या कार्यशाळांनी यातले काय घेतले? फडक्यांची शिस्त सोडली आणि साचा ठेवला. माडगूळकरांची नजर सोडली आणि ग्रामीण विषय ठेवला.

'पात्र' हा शब्द आमच्या जिल्ह्यात दोन ठिकाणी वापरला जातो. एक मराठीच्या वर्गात, दुसरा जिल्हाधिकारी कार्यालयात. शेतकऱ्याने आत्महत्या केली की जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती प्रकरण तपासते आणि ते मदतीस 'पात्र' की 'अपात्र' हे ठरवते. नापिकी, बँकेचे, सहकारी संस्थेचे किंवा परवानाधारक सावकाराचे कर्ज आणि परतफेडीचा तगादा या कसोट्या लावल्या जातात. २००६ च्या सुमारास ठरलेली मदत एक लाख रुपयांची होती. त्यातले ३० हजार हाती आणि उरलेले ७० हजार ठेवीत, अशी तिची वाटणी. त्याच वर्षी पश्चिम विदर्भातल्या पाच आणि वर्धा अशा सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांचे पॅकेज जाहीर झाले. त्या सहांत बुलढाणा होता. कर्ज नातलगाकडून घेतलेले असेल, त्याचा कागद नसेल, तर प्रकरण अडते. शेती बाई करीत असेल आणि सातबाऱ्यावर तिचे नाव नसेल, तर तिच्या मरणाची नोंद शेतकऱ्याचे मरण म्हणून होणेही अवघड.

शासनाला कसोट्या लावाव्या लागतात. तिजोरीचा व्यवहार आहे. कथाकाराला कोणी सांगितले आहे? तरी आमची स्पर्धेतली कथा नेमक्या त्याच कसोट्यांवर माणसे निवडते. नापिकी, कर्ज आणि तगादा असलेला पुरुष कथेत पात्र ठरतो. ज्याचे दुःख या तीन रकान्यांत बसत नाही तो अपात्र. बियाण्याचे पैसे भावाकडून उसने घेऊन त्याच्याशी बोलणे टाळणारा, भाव वाढेल म्हणून कापूस घरात ठेवून फसलेला, बायकोच्या अंगावरचे मणी मोडताना तिला न विचारणारा, असे सगळे अपात्र. आणि नवरा गेल्यानंतरच्या पहिल्या खरिपात कृषी केंद्राच्या फळीसमोर उभी राहून, उधारी कोणाच्या नावावर मांडायची हे दुकानदाराला सांगणारी बाई तर अपात्रच. कारण तिच्यापाशी कथेचा शेवट नसतो. तिला जगायचे असते, आणि जगणाऱ्या माणसासाठी बैल हंबरत नाही.

इथे आम्हाला बुलढाण्याच्याच एका बाईंची आठवण करून द्यावीशी वाटते. ताराबाई शिंदे यांचे 'स्त्रीपुरुष तुलना' १८८२ साली प्रसिद्ध झाले. निमित्त सुरतेच्या एका खटल्याचे होते. विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल १८८१ साली फाशीची शिक्षा झाली. ती पुढे कमी करण्यात आली. या खटल्यावरून स्त्रीजातीच्या नीतीवर बरेच लिहिले गेले. म्हणजे बातमी होती, कथाबीज होते, पात्राचा तक्ताही तयार होता: वय तरुण, अवस्था विधवा, दोष उघड. ताराबाईंनी तो तक्ता उधळून लावला. या गोष्टीतला पुरुष कुठे आहे, असा त्यांचा सवाल होता. विधवेला पुनर्विवाहाची बंदी घालणारे, तिला फसवणारे आणि मग तिचा न्याय करणारे एकाच जातीचे कसे, हे त्यांनी विचारले. एवढ्यावर न थांबता त्या काळच्या नाटकांत आणि कादंबऱ्यांत स्त्रियांची जी चित्रे रंगवली जात, त्यांचाही त्यांनी कठोर समाचार घेतला. पात्र खोटे उभे केले म्हणून लेखकाला जाब विचारणारी एवढी धारदार टीका आमच्या जिल्ह्यात सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी लिहिली गेली आहे. स. गं. मालशे यांनी १९७५ साली ते पुस्तक पुन्हा उजेडात आणले. आज ते अभ्यासले जाते ते स्त्रीवादाच्या प्रकरणात. कथालेखनाच्या कार्यशाळेत ते कोणी हातात देत नाही.

ते दिले पाहिजे. कारण हौशी कथाकाराला हवी असलेली सर्वांत उपयुक्त गोष्ट त्यात आहे. ताराबाई सुरतेला गेल्या नव्हत्या. ती बाई त्यांनी पाहिलेली नव्हती. 'अनुभवाची प्रामाणिकता' हा आमच्या समीक्षेचा लाडका शब्दप्रयोग लावायचा तर त्यांना लिहिण्याचा अधिकारच उरत नाही. त्यांच्यापाशी एक प्रश्न होता: सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीतून कोणाला वगळले आहे? आमचे म्हणणे एवढेच की पात्र समजून घेण्याची सुरुवात याच प्रश्नाने व्हावी. कल्पना बातमीत मिळते हे खरे. परंतु बातमी ज्याला वगळते त्याच्यापर्यंत पोहोचल्याशिवाय त्या कल्पनेची कथा होत नाही. ज्याच्याविषयी आधीच सर्वांना सर्व ठाऊक आहे, त्याच्याविषयी कथा लिहिण्याचे कारण काय?

वगळलेल्या माणसाला गोष्टीत आणले की मुख्य पात्रही बदलू लागते, हा यातला दुसरा लाभ. सदानंद देशमुख आमच्याच जिल्ह्यातले. त्यांच्या 'बारोमास' या कादंबरीला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवरची कादंबरी म्हणून तिची ओळख रूढ झाली. पण एकनाथ लक्षात राहतो तो तो शिकलेला आहे म्हणून. नोकरीसाठी मोजायला पैसा नाही आणि शेतीत मन लावावे तर शिक्षण आड येते, अशी त्याची कोंडी आहे. त्याची पत्नी अलका, वडील सुभानराव, आई, भाऊ या प्रत्येकाची त्या शेताकडून वेगळी अपेक्षा आहे आणि कोणाचीही अपेक्षा निव्वळ मूर्खपणाची नाही. अलकेला दुष्ट सून करून टाकले असते तर एकनाथही हुंदके देणारा पुतळा झाला असता. उद्धव शेळके यांच्या 'धग' (१९६०) या कादंबरीतली कौतिक दारिद्र्याचे प्रतीक म्हणून आपल्यापुढे येत नाही. संसार चालवण्याचे तिचे हिशेब, तिचा हट्ट, माणसांवरचा तिचा राग यांतून ती येते. या दोन्ही कादंबऱ्या आम्ही पदव्युत्तर वर्गांत शिकवतो. 'ग्रामीण साहित्याच्या प्रेरणा' असे शीर्षक देऊन चार मुद्दे काढतो, मुले ते पाठ करतात, आणि संध्याकाळी स्पर्धेसाठी कथा लिहायला बसली की बैल पुन्हा हंबरतो.

भाषेचेही तेच. घाटावरचे बुलढाणा-चिखली आणि घाटाखालचे मलकापूर-खामगाव यांच्या बोलण्यात फरक आहे. मलकापूरकडे खानदेशी वळण लागते, देऊळगाव राजाकडे मराठवाड्याचे. एकाच घरात आजी 'मले' म्हणते, पुण्याहून सुट्टीत आलेला नातू 'मला' म्हणतो आणि आजीशी बोलताना नकळत 'मले'वर येतो. त्या एका अक्षरात त्या नातवाविषयी तक्त्यातल्या दहा रकान्यांपेक्षा अधिक कळते. स्पर्धेतल्या कथेत मात्र सगळे पात्र एकच वऱ्हाडी बोलतात, आणि तीही विनोदी कार्यक्रमांतून ऐकलेली. लेखकाचे कान घरीच राहिले आणि लेखणी बाहेर गेली, असे म्हणावे लागते.

यावर एक हमखास उत्तर येते: आम्ही हौशी लेखक, आमच्याकडून एवढी अपेक्षा कशाला? हा युक्तिवाद नम्र दिसतो, पण तो नम्र नाही. गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवणारा मानधन घेत नाही. म्हणून त्याचा ठेका चुकला तर चालेल असे मंडळातला कोणी म्हणत नाही. राज्य नाट्यस्पर्धेत उतरणाऱ्या संघांना आपण हौशीच म्हणतो, पण पाठांतर कच्चे ठेवून उतरण्याची मुभा त्यांना कोणी देत नाही. शिवाय मराठीतले बहुतेक चांगले कथाकार पोटासाठी दुसरे काहीतरी करीत होते. जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजी शिकवीत, बाबुराव बागूल रेल्वेत काम करीत, माडगूळकर आकाशवाणीत होते. हौस म्हणजे कमी जबाबदारी असा अर्थ यातून निघत नाही. हौशी लेखकाला एक मोठी सवलत मात्र आहे. त्याच्या मागे दिवाळी अंकाचा तगादा नसतो, प्रकाशकाचा आग्रह नसतो. तो एका माणसाकडे दोन वर्षे पाहत राहू शकतो. ही सवलत टाकून देऊन त्याने तयार साच्याच्या मागे धावावे, याला काय म्हणावे?

दुसरे उत्तर अधिक गंभीर आहे. विषयच एवढा मोठा आहे की त्यावर लिहिलेच पाहिजे. कथा थोडी कच्ची असली तरी संवेदना महत्त्वाची. आम्हाला नेमके हेच मान्य नाही. आमच्या वर्गात बसलेल्या एखाद्या मुलीच्या घरी ती बातमी घडून गेलेली असू शकते. या जिल्ह्यात ही कल्पनेतली शक्यता नव्हे. ती मुलगी स्पर्धेतली पहिल्या क्रमांकाची कथा ऐकते आणि तिच्या बापाचे चार ओळींत मढे झालेले पाहते. तो कसा हसत असे, कोणावर चिडत असे, त्याने कोणाला फसवले, कोणासाठी रात्र जागून काढली, यातले काही त्या कथेत नसते. टाळ्या मात्र असतात. तिच्या बापाला शासनाने अपात्र ठरवले असेल तर कथेनेही दुसऱ्यांदा तेच केले. संवेदनेच्या नावाने हे चालणार असेल, तर ती संवेदना कोणाच्या सोयीची आहे हे तपासावे लागेल.

म्हणून स्पर्धा भरवणाऱ्यांकडे एक मागणी आहे: विषय देणे बंद करा. 'बळीराजाची व्यथा', 'स्त्रीजीवन', 'पाणी' असे मथळे दिले की मुले मथळ्यांसाठी माणसे शोधतात. परीक्षकांनी आशयाच्या थोरवीला गुण देणे थांबवावे आणि कथेतला एक तरी माणूस लेखकाला आपल्याहून अधिक ठाऊक आहे का, एवढेच पाहावे. आणि हौसेने लिहिणाऱ्यांना सुचवायचे ते असे. बातमीवरून कथा लिहायचीच असेल तर मेलेल्या माणसापासून आरंभ करू नका. बातमीच्या शेवटच्या ओळीत 'त्यांच्या पश्चात' असे म्हणून जी नावे येतात, त्यांतले एक घ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माणसाला कोणते काम करावे लागले, ते करताना तो कोणाशी बोलला आणि काय बोलायचे त्याने टाळले, हे लिहून काढा. लिहिलेले त्या भागातल्या जाणत्या माणसाला वाचून दाखवा आणि तो कुठे थांबवतो ते पाहा. कथाबीज कुठून येते याची काळजी मग करावी लागणार नाही.