लाळ आडवी आली!

लंच अवरमध्ये दाढ भरून घेतली. चांदी नको, दाताच्याच रंगाचं फिलिंग हवं, हा माझाच हट्ट. मध्येच मोबाइल वाजला. बॉस! तोंडात कापसाचे बोळे असतानाच मी 'हो सर' म्हटलं. सहा महिन्यांत फिलिंग पोळीबरोबर पोटात.

नव्या डेंटिस्टने बहुधा काय झालं असेल ते सांगितलं. आधी फॉस्फरिक अ‍ॅसिडने एनॅमलवर सूक्ष्म छिद्रं पाडतात. मायकेल ब्युओनोकोर यांची ही १९५५ची युक्ती. बाँडिंगचा द्रव त्यांत शिरतो, निळ्या प्रकाशाने घट्ट होतो आणि पकड बसते. त्याआधी लाळ लागली, तर तिच्यातल्या प्रथिनांचा थर छिद्रं बुजवतो. नुसत्या पाण्याने तो पुरता जात नाही. अ‍ॅसिडची पायरी पुन्हा करावी लागते. नाहीतर बारीक फट राहते आणि कीड गुपचूप आत शिरते. माझी कीड नसेच्या दारापर्यंत पोचलेली. रूट कॅनाल थोडक्यात टळलं!

या वेळी दाढेभोवती रबर डॅम, म्हणजे रबरी पडदा. बोलायची सोयच नाही. मोबाइल? स्विच ऑफ. मंडळी, लाळ घोटायचीच तर ऑफिसात घोटा. डेंटिस्टच्या खुर्चीत नको!