विश्लेषण : नवे नाव, तीच नोकरी... ट्रान्सजेंडर कर्मचाऱ्याला कायद्याचा आधार किती?

वार्षिक मूल्यमापन तोंडावर आलेले, टार्गेट अपुरे, डोक्यावर घराचे हप्ते. अशा वेळी ‘मी ट्रान्सजेंडर आहे, यापुढे मला या नावाने हाक मारा’ हे वरिष्ठांना सांगायचे कसे? सांगितले तर नोकरीची धास्ती, न सांगितले तर रोज आठ-नऊ तास सोंग वठवण्याची दमछाक. कायदा या कर्मचाऱ्याच्या बाजूने आहे. तयारी नाही ती कार्यालयांची.

कायदा काय सांगतो?

आपली लिंगओळख ठरवण्याचा अधिकार व्यक्तीचा स्वतःचा आहे, त्यासाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी ‘नालसा’ निकालात स्पष्ट केले. पुढे २०१९चा ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायदा आला आणि १० जानेवारी २०२० पासून लागू झाला. त्यातील कलम ९ नुसार भरती, बढती आणि नोकरीच्या अन्य बाबींत भेदभाव करता येत नाही. कलम ११ नुसार प्रत्येक आस्थापनेत तक्रार अधिकारी हवा. खासगी कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. २०२० च्या नियमांनुसार समान संधी धोरण जाहीर करणे आणि कर्मचाऱ्याची लिंगओळख गोपनीय ठेवणे ही आस्थापनेची जबाबदारी आहे.

मग अडते कुठे?

शारीरिक, शाब्दिक, मानसिक वा आर्थिक छळासाठी कलम १८ मध्ये सहा महिने ते दोन वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. पण कलम ९ मोडणाऱ्या मालकाला वेगळी शिक्षा नाही. शिवाय भेदभाव क्वचितच उघडपणे होतो. ग्राहकांच्या बैठकीला नेणे बंद होते, चांगला प्रकल्प दुसऱ्याकडे जातो आणि कागदावर कारण लिहिले जाते ‘कामगिरी समाधानकारक नाही’. कामाचा ताण आधीच असेल, तर हे कारण मालकाला आयतेच मिळते. दोन शाळांतील नोकरी गमावलेल्या ट्रान्सजेंडर शिक्षिकेच्या जेन कौशिक प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये भरपाई दिली आणि समान संधी धोरणासाठी समिती नेमली. न्याय मिळाला, पण त्यासाठी थेट सर्वोच्च न्यायालय गाठावे लागले.

कागदपत्रांचे काय?

जिल्हाधिकाऱ्यांचे प्रमाणपत्र, मग आधार, पॅन, बँक खाते आणि भविष्य निर्वाह निधी अशी ही साखळी आहे. एका ठिकाणी जुने नाव राहिले, तर पीएफचे पैसे अडकू शकतात. पीएफमधील दुरुस्तीसाठी मालकाची संमती लागली, तर कर्मचाऱ्याला मनुष्यबळ विभागाला विश्वासात घ्यावेच लागते. मन तयार असो वा नसो!

सांगण्यापूर्वी काय पाहावे?

सहकाऱ्यांना सांगण्याची सक्ती कोणताही कायदा करत नाही. सांगायचे ठरलेच, तर आधी कंपनीचे धोरण आणि तक्रार अधिकाऱ्याचे नाव शोधावे. आधीच्या मूल्यमापनांच्या प्रती जपून ठेवाव्यात. उद्या ‘कामगिरी’चा मुद्दा निघाला, तर तोच पुरावा ठरतो. तोंडी बोलणे झाल्यावर त्याचा सारांश ईमेलने पाठवावा. उपचारांसाठी रजा लागणार असेल, तर ती मूल्यमापनाच्या गुणांत मोजली जाणार नाही, हे लेखी घ्यावे.

जबाबदारी कोणाची?

केंद्रीय अर्थ मंत्रालयाने जुलै २०२४ मध्ये महसूल सेवेतील एका वरिष्ठ अधिकाऱ्याचे नाव आणि लिंग सरकारी नोंदींत बदलण्यास एका आदेशाने मान्यता दिली. सरकारी यंत्रणेला जे जमले, ते खासगी कंपनीला अवघड नसावे. मात्र केवळ नोकरी देऊन भागत नाही. कोची मेट्रोने २०१७ मध्ये ट्रान्सजेंडर कर्मचारी नेमले, तेव्हा भाड्याने घर मिळेना म्हणून काहींनी काम सोडले.

म्हणून तयारी कर्मचारी बोलण्याआधीच व्हायला हवी. ओळखपत्र बदलण्याची ठरलेली पद्धत, स्वच्छतागृहाची सोय, टिंगल करणाऱ्यावर कारवाई आणि कामगिरीचे लेखी निकष या चार गोष्टींना फार खर्च येत नाही. आज मात्र हे सगळे एकट्या कर्मचाऱ्यालाच निस्तरावे लागते, तेही टार्गेट पूर्ण करता करता.